तांब्यावरचा पत्ता

मी नेमकं काय काम करते हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणते. कशाच्या वर, असं आई विचारते. दुसऱ्यांच्या वर, असं मी सांगते. मग ती विषय बदलते, आणि तिला ते काम फारसं बरं वाटलेलं नाही हे मला कळतं.

या धंद्यात एक प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम असलं तर साइट वर येते का? डॉट इन घेतलं तर मागे पडू का? डॉट ओआरजीला जास्त मान असतो म्हणतात, खरं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. शेपटाने काही होत नाही. डॉट इनवरून साइट भारतातली आहे एवढं कळतं, त्याचा इथल्या लोकांना शोधताना थोडा उपयोग होतो. बाकी सगळं आत काय लिहिलंय, दुसरे कोण तुमच्याकडे बोट दाखवतात आणि लोक येऊन थांबतात की पळतात, यावर आहे. लोकांना डॉट कॉम ओळखीचं वाटतं म्हणून ते त्यावर पटकन बोट ठेवतात, पण तो लोकांचा स्वभाव झाला. हे मी इतक्या वेळा बोललेय की बोलता बोलता जेवायला काय मागवायचं याचा विचार करू शकते.

फक्त पप्पांच्या साइटच्या बाबतीत मला हे शांतपणे बोलता आलं नाही. तिथे माझा जीव टांगणीला लागलेला होता.

पप्पा बौद्धाचार्य आहेत. म्हणजे आमच्या समाजात लग्न, नामकरण, गृहप्रवेश असं काही असलं की ते पांढरे कपडे घालून जातात, त्रिसरण-पंचशील देतात, विधी लावतात. नोकरी टेलिफोन खात्यात झाली. खांबावर चढून तारा जोडणारा माणूस. निवृत्त झाल्यावर विहारात शिकून हे काम हातात घेतलं, आणि मला वाटतं, खांबावरून उतरल्यावर त्यांना खरी उंची इथेच मिळाली. लग्न लावताना त्यांचा आवाज वेगळाच लागतो. घरी चहा मागणारा माणूस तो नव्हेच. या कामाचा ते एक पैसा घेत नाहीत. उलट नवरा-नवरीला आपल्याकडून स्टीलचा एक तांब्या देतात.

तांब्यावर नाव घालायचं हे तर ठरलेलंच. आपल्याकडे नाव न घातलेलं भांडं देणं म्हणजे तोंड लपवून आहेर करणं. पप्पांनी त्यासाठी नाव घालायचं छोटं मशीन आणलं. खात्यात आयुष्य हत्यारांत गेलेलं, त्यामुळे हात पक्का. दिंडोशीच्या आमच्या घरात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टर्र टर्र आवाज सुरू झाला की शेजारी समजायचे, उद्या काकांचं लग्न आहे.

सुरुवातीला ते तांब्यावर आपलं नाव आणि मोबाइल नंबर घालायचे. मग नंबर बदलला, आणि आधीचे सगळे तांबे मुके झाले. तेव्हा साइट नुकतीच झाली होती. मीच म्हटलं, पप्पा, नंबर बदलतो, पत्ता बदलत नाही, साइटचा पत्ता घाला. त्यांना ते एकदम पटलं. तेव्हापासून प्रत्येक तांब्यावर ठिपक्याठिपक्यांच्या इंग्रजी अक्षरांत वेबसाइटचा पत्ता गेला. शेवटी डॉट ओआरजी. ते शेपूट त्यांनी स्वतः निवडलं होतं, पत्ताही स्वतःच्या ईमेलवरून घेतला होता. कॉम म्हणजे कमर्शियल, आपलं दुकान नाही, असं त्यांनी मला ऐकवलं होतं. मी तेव्हा हसले होते. लोकांच्या स्वयंपाकघरात स्टीलवर कोरलेली वेबसाइट मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

काही वर्षं झकास गेली. मग फोन कमी व्हायला लागले.

हे पप्पांनी मला सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. म्हणाली, हल्ली मोबाइल चार्जिंगला लावला तरी बाजूला खुर्ची टाकून बसतात. बाथरूमला जाताना मला सांगून जातात, वाजला तर उचल. मी मुलुंडला घरी परतताना लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून सर्च केलं. बौद्ध पद्धतीने लग्न, मुंबई. सगळ्यात वर एक इव्हेंट कंपनी. स्टेज, फुलं, ड्रोन, जेवण आणि सोबत विधी लावणारा माणूस, सगळं एका पॅकेजात. साइट डॉट कॉम. पप्पांची साइट चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण जातं? मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगते की दुसऱ्या पानावरसुद्धा चिटपाखरू नसतं.

त्या दिवसापासून माझी चुळबुळ सुरू झाली. लिफ्टमध्ये बघ, मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून बघ, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बघ. नवरा म्हणाला, अगं तू बघितल्याने ते वर येणार आहे का. नाही येणार, हे मलाच जास्त ठाऊक होतं. तरी हात जायचा. विहारातल्या लोकांनी तर वेगळाच घोळ घातला होता. रविवारी वंदना झाली की सगळे मोबाइल काढून पप्पांची साइट शोधायचे आणि प्रेमाने उघडायचे. रोज उघडून उघडून त्यांच्या मोबाइलला ती पाठ झाली, आणि त्यांना ती सगळ्यात वर दिसायला लागली. ते पप्पांना सांगायचे, काका, तुम्ही एक नंबरला आहात. पप्पा मला विचारायचे, मग फोन का येत नाही?

विहारात एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांनी निदान केलं. म्हणाले, तुमचं ओआरजी आहे ना, म्हणून. कॉम करा, गाडी सुसाट सुटेल. त्यांच्या भाच्याने कॉम केलं आणि त्याचं दुकान वर आलं. मी पप्पांना माझं ठरलेलं उत्तर दिलं. शेपटाने काही होत नाही. शिवाय पत्ता बदलला की जुन्या पत्त्याने कमावलेलं नाव नव्याकडे नीट वळवावं लागतं, नाहीतर होतं तेही जातं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वर नाही यायचं गं. मला कुणी शोधतंय का, एवढंच बघ."

वर आणणं हे माझं काम आहे. कुणी शोधतंय का हे बघण्याची साधनंही माझ्याकडे आहेत, पण त्यातून आकडे कळतात, माणसं कळत नाहीत. पुढे त्यांनीच सांगितलं की गुडघे आता फार दिवस साथ देणार नाहीत. या हंगामात कुणी बोलावलं नाही तर पांढरे कपडे धुऊन ठेवून देणार. हे ते असं बोलले जणू छत्री माळ्यावर ठेवण्याबद्दल बोलतायत. मी म्हटलं, ठीक आहे, करू डॉट कॉम.

काम मात्र नीट केलं. नवीन पत्ता माझ्या नावावर घेतला. जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्यावर जाईल अशी सोय केली. लग्नाचे फोटो टाकले, विधीची माहिती सोप्या मराठीत लिहिली, लोक विचारतात ते प्रश्न आणि पप्पांनी दिलेली उत्तरं टाकली. हळूहळू साइट चढायला लागली. चौथ्या पानावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. बँकेतल्या काकांनी विहारात माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, बघ, कॉमची कमाल. मी सांगत होते की कमाल मजकुराची आहे, पण ऐकतो कोण. शेवटी एके दिवशी ती पहिल्या पानाच्या तळाशी आली. मी ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि उगाच पाणी पिऊन आले.

आणि फोन बंद झाले. आधी कमी होते, आता साफ बंद. कार्तिक सरला, लग्नाचा हंगाम सुरू झाला, दिंडोशीच्या प्रत्येक हॉलबाहेर मांडव पडले आणि आमच्या घरात टर्र टर्र आवाज एकदाही झाला नाही.

माझं डोकं फिरायची वेळ आली. आलेख वर जातोय आणि माणसं कमी होतायत, असं होऊच कसं शकतं? मी फॉर्म तपासला, साइटवरचा नंबर तपासला, माझ्याच मोबाइलवरून पप्पांना फोन लावून बघितला. पहिल्या रिंगला उचलला. त्यांचा तो आतुर 'हॅलो' ऐकून मी म्हटलं, मीच आहे, आणि ते म्हणाले, हां, तू आहेस होय. तो खाली आलेला आवाज दिवसभर माझ्या कानात राहिला. त्यानंतर पुन्हा तपासायचा धीर झाला नाही.

एका रविवारी दिंडोशीला गेले. जिने चढून घसा कोरडा पडला होता. पप्पांनी तांब्या-भांडं पुढे केलं. हा साइटचा पत्ता घातलेला त्यांचा पहिला तांब्या, हात बसवायला कोरलेला, अक्षरं थोडी तिरकी. पाणी पीत मी ती अक्षरं वाचत होते. डॉट ओआरजी. काही कारण नाही, माझ्या हाताला चैन नसते म्हणून मी तो पत्ता तसाच मोबाइलवर टाकला.

पत्त्यांचा खेळ उघडला. हिरवं टेबल, उडणारी सोन्याची नाणी, पत्ते वाटणारी एक बाई आणि खाली चमकणारं बटण, आत्ता खेळा आणि जिंका.

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. जुना पत्ता आमचा राहिला नव्हता. मुदत संपली, कुणी नूतनीकरण केलं नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी उचलला. असले पत्ते उचलायला लोक टपलेलेच असतात. त्या क्षणी मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती जास्त लागली. पप्पांना येणारे फोन सर्चमधून कधी येतच नव्हते. ते या तांब्यांवरून येत होते. कुणाच्या घरी पाहुणा यायचा, त्याच्या हातात पाणी दिलं जायचं, तो अक्षरं वाचायचा आणि विचारायचा, हे काय? मग घरातली बाई सांगायची, आमचं लग्न ज्यांनी लावलं ना, ते काका. आमचे दुवे स्टीलचे होते आणि ते सगळे आता जुगाराकडे जात होते.

मी पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून त्या पत्ते वाटणाऱ्या बाईकडे बघितलं. मी विचारलं, मुदत संपतेय असे मेल आले नव्हते का? आले होते, ते म्हणाले. बरेच आले. पैसे भरा नाहीतर बंद होईल, असं लिहिलेलं होतं. मी सगळे पुसून टाकले.

"तूच सांगितलेलंस ना, असं काही आलं की फसवणूक समजायची?"

सांगितलं होतं. चांगलं दटावून सांगितलं होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं होतं. त्यांच्यावर चिडायला जागाच नव्हती, म्हणून मी पंख्यावर चिडले, हवाच लागत नाही म्हणून. आईने पंखा वाढवला.

पुढचे काही दिवस मी तो पत्ता परत मिळवायच्या मागे लागले. ज्याने घेतला त्याला मेल केले, आधी विनंतीचे, मग धमकीचे, मग पुन्हा विनंतीचे. उत्तर नाही. मला झोप लागेना. सारखं डोळ्यांपुढे यायचं, बोरीवलीतलं कुठलंतरी स्वयंपाकघर, कुणाचातरी सासरा पाणी पितोय, मोबाइलवर पत्ता टाकतोय आणि त्याच्यापुढे नाणी उडतायत. पप्पांनी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. पंचशील देणारा माणूस तो, आणि त्यांच्या हातच्या अक्षरांखाली हे.

पप्पा मात्र शांत होते. मला ते शांत असणंही सहन होत नव्हतं. एका सकाळी आईचा फोन आला. पप्पांनी मशीन काढलंय, तेल घातलंय आणि पिशवीत भरलंय. विचारलं तर म्हणाले, तांबे दुरुस्त करायला जातोय.

मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? आई म्हणाली, म्हणून तुला फोन केला.

मग आम्ही रविवारी जायला लागलो. त्यांना कुणाचे नंबर पाठ नव्हते, घरं मात्र आठवत होती. लग्न म्हटलं की त्यांना आधी बिल्डिंग आठवायची, मग जिना, मग माणसं. घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत गेलो, बोरीवलीला नॅशनल पार्कच्या बाजूच्या सोसायटीत गेलो. दार उघडायचं, पप्पा आपण कोण ते सांगायचे आणि म्हणायचे, तो तांब्या जरा आणा. जमिनीवर बसून मांडीत तांब्या धरायचे, जुन्या शेपटावर ठिपक्यांची एक रेघ ओढायचे आणि वर नवीन तीन अक्षरं घालायचे. पोरं भोवती जमायची. एका घरात तांब्यात मनीप्लांट लावलेला निघाला, तो बाहेर काढून काम झालं. एका घरात तांब्या सापडलाच नाही, आणि ती सून इतकी ओशाळली की पप्पांनीच तिची समजूत काढली.

मी बाजूला बसून मोबाइल चाळायचे. साइट पहिल्या पानावर होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, तरी बघत होते.

असंच एका रविवारी मुलुंडला गेलो. माझ्या घरापासून जवळच, स्टेशनच्या पलीकडची जुनी बिल्डिंग, लिफ्ट बंद. पप्पा कठड्याला धरून एकेक पायरी चढले, मध्ये थांबले, पुन्हा चढले. बेल वाजवली. तिशीतली एक बाई दारात आली आणि पप्पांना बघून तशीच उभी राहिली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले.

"काका," ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्ही गेलात."

मग तिने आम्हाला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. बहिणीने आधीच सांगून ठेवलेलं, ताईचं ज्यांनी लावलं तेच हवेत. हिने तांब्यावरचा पत्ता उघडला तर पत्त्यांचा खेळ. नवरा म्हणाला, साइट अशी बेवारस झाली म्हणजे काका आता नसणार, आणि घरच्यांना कळवायचं सुचलं नसणार. काकांचा नंबर तिच्या जुन्या मोबाइलबरोबरच गेला होता. शेवटी सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या त्या इव्हेंट कंपनीला सांगितलं. लग्न होऊन गेलं होतं.

ते लग्न पप्पांचं होतं. त्या हंगामातलं एक तरी लग्न त्यांच्यासाठी पुरलं असतं, आणि ते एका शेपटापायी गेलं. मी सोफ्याच्या कव्हरचा दोरा ओढत बसले.

"तरी तुमच्याशिवाय नाही केलं काका," ती म्हणाली. "विधी सुरू व्हायच्या आधी बहिणीने माइक घेतला, तुमचं नाव घेतलं, आणि आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. श्रद्धांजली."

हे सांगताना तिची मान खाली गेली. जिवंत माणसाच्या तोंडावर असं सांगायची पाळी कुणावर येऊ नये. मला वाटलं, पप्पा आता उठतील. ते उठले नाहीत. मशीनची वायर हातात गुंडाळत, जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "सगळे उभे राहिले?"

"हो काका. केटरिंगवालेसुद्धा."

पप्पांनी मान हलवली. तांब्या मागून घेतला. तो रोजच्या वापरातला होता, घासून घासून अक्षरं फिकी झालेली, पण वाचता येत होती. त्यांनी मांडीत धरून ओआरजीवर रेघ ओढली आणि वर कॉम घातलं. त्या दिवशी एम थोडा वाकडा आला. तिने लगेच त्याच तांब्यात पाणी भरून आणलं. ते त्यांनी सगळं प्यायलं, बहिणीचं नाव विचारलं, जावई काय करतो ते विचारलं, आणि दोघांना आशीर्वाद सांग म्हणाले.

खाली उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. मला त्या कंपनीचा राग येत होता, पत्ता उचलणाऱ्याचा येत होता, बँकेतल्या काकांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझाच. मी बडबडत होते. सांगत होते की निदान आडनावावरून तरी शोधायचं, साइट पहिल्या पानावर आहे, लोक बघत कसे नाहीत. पप्पा काही ऐकत नव्हते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते दम खायला थांबले. कठड्याला टेकून हसत होते.

"म्हणजे शोधलं होतं तिने," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, आता कुठलं घर.